पाच अँपिअर

बुर्ज हम्मूदमध्ये शेंबडी पोरंसुद्धा
दुधाचा भाव विचारावा तसं विचारतात,
"तुमच्याकडे किती?"
"पाच."
"आमच्याकडे अडीचच. बाबा म्हणतात पुढच्या महिन्यात वाढवू."
सरकारी वीज येते दिवसाचे दोन तास, तीही लहर लागली तर.
बाकी सगळा वेळ गारोच्या जनरेटरचा.
पहिल्या तारखेला त्याचा माणूस जिना चढतो,
डॉलर मोजून घेतो, पावती देत नाही.

एकवीस वर्षं मी लोकांचे कोट आखूड केले,
पाच अँपिअरचे पैसे भरले,
पण अँपिअर दिसतो कसा, कधी विचारलं नाही.

परवा मशीन चालू होतं, फ्रिज घुरघुरत होता,
मी इस्त्री लावली
आणि खट्.
चौथ्यांदा खाली जाऊन खटका वर केला,
तेव्हा दारात बसलेला वार्तकेस म्हणाला,
"सिरवार्त, गुडघे झिजवण्यापेक्षा शीक.
चल गच्चीवर."

गच्चीवर तारांचं जाळं, वाळत घातलेल्या चादरी,
आणि लोखंडी घोडीवर पाण्याची टाकी.
"ही किती उंच आहे, ते व्होल्ट.
नळ बंद असला तरी उंची असतेच,
जोर दबा धरून बसलेला असतो.
आता नळ सोड. सेकंदाला किती गेलं, ते अँपिअर.
आणि हा गंजून अर्धा बुजलेला पाइप आहे ना,
हा झाला रोध. त्याचं माप ओहम.
टाकी उंच केलीस तर जास्त येईल,
पाइप आवळलास तर कमी.
अर्धी विद्या संपली."

मग खिशातून त्यानं बॅटरी काढली, एक दिवा, तारेचे दोन तुकडे.
एक तार जोडली. काही नाही.
"पाणी सांडतं. बॅटरीतली वीज तशी सांडत नाही.
परतीची वाट जोडलेली नसेल
तर ती घरातून निघतच नाही."
दुसरी तार टेकवली. दिवा लागला.

मला शाहान आठवला.
सात वर्षांपूर्वी मार्सेयला गेला, एकेरी तिकिटावर.
वार्तकेसला ते ठाऊक होतं.
त्यानं उगाच चिकटपट्टीचं टोक शोधायला घेतलं.

"आणि धावते धावते म्हणतात ना,
घरातली वीज धावत वगैरे नाही.
तारेतले कण जागच्या जागी डुलतात,
सेकंदाला पन्नास हेलकावे.
तुझ्या भिंतीतला कण
बहुतेक तुझ्याच भिंतीत म्हातारा होणार."
"मग गारोला मी पैसे कशाचे देते?"
"ढकलण्याचे."
त्या दिवशी पहिल्यांदा मी मोठ्यानं हसले.

खाली येऊन कोटाच्या खडूनं टेबलावर मांडलं:
दोनशे वीस व्होल्ट, गुणिले पाच.
अकराशे वॉट, एवढीच माझी ऐपत.
इस्त्री हजार. मशीन नव्वद. फ्रिज दीडशे.
म्हणजे खटका चिडका नव्हता,
हिशेबाचा पक्का होता.
तार तापून भिंत पेटायच्या आत
तो स्वतःला तोडून घेतो.
(असा समजूतदार नवरा मिळाला असता
तर कदाचित कोट शिवावे लागले नसते.)

रविवारी शाहानचा फोन.
"तुमच्याकडे किती अँपिअर रे?"
तो गोंधळला. "माहीत नाही, आई.
इथे कुणी मोजत नाही."

मी फ्रिजची पिन काढली.
दिवा लावला नाही, खिडकीत अजून उजेड होता.
इस्त्री हजार, मशीन नव्वद,
फोनच्या चार्जरला धरले दहा.
काठोकाठ अकराशे.
खटक्याकडे बघत कोटाची बाही दाबली.
तो हलला नाही.

"ऐकू येतंय ना, आई?"
बोल तू, म्हटलं.
पुरतंय.